तिसऱ्या टर्मिनलवर आई

तुमच्या सदरातले गूढ अनुभव मी कॉलेजच्या वाचनालयात नेमाने वाचते. वाचते आणि हसते, हेही सांगायला हवं. आमच्या बोरी गावात असल्या गोष्टींना तोटा नाही. मी नववीत असताना चुलतीच्या अंगात आलं होतं, तेव्हा तिच्यासमोर उभी राहून मी विचारलं होतं, "मग माझा गणिताचा पेपर कसा जाईल ते सांग." चुलतीनं डोळे उघडून मला एक चापट मारली होती. त्यामुळे मी असं काही लिहून पाठवीन, हे मला ओळखणाऱ्या कुणाला खरं वाटणार नाही. पण गेल्या दसऱ्यापासून एक गोष्ट मनात अडकून बसली आहे... ती कुणाला सांगावी ते कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

आधी जागा सांगते. परभणीतलं आमचं कॉलेज स्टेशनपासून पायी वीस मिनिटांवर आहे. नाव लिहीत नाही. विज्ञान इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, जिना चढून डावीकडची शेवटची खोली म्हणजे संगणक कक्ष. खोलीला दार एकच. खिडक्या धुळीमुळे कायमच्या बंद केलेल्या. चपला बाहेर काढून आत जायचं. आत एक मोठं मशीन आणि त्याला जोडलेली चार टर्मिनलं – म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. सगळ्या वर्गाचं काम त्या एकाच मशीनमध्ये साठतं. आपलं नाव आणि पासवर्ड दिला की आपापल्या खणात जाता येतं. सगळे खण उघडणारी एक मुख्य चावीही असते, तिला रूट म्हणतात. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. अक्षराच्या जागी चांदणीसुद्धा नाही. मागे उभ्या असलेल्याला काही दिसू नये म्हणून तशी सोय केलेली आहे.

तिसऱ्या टर्मिनलपाशी सुतळीनं बांधलेली दोनशे पानी वही लटकते. कुणाला एखादी उपयोगी आज्ञा सापडली, पाच-सात ओळींचा प्रोग्रामचा तुकडा जमला, की तो त्या वहीत उतरवायचा. पुस्तकं महाग आणि इंग्रजीतली, म्हणून आमचं अर्धं शिक्षण त्या वहीवर झालं. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे होती. आणि वही माझ्याकडे म्हणून संगणक शिकवणाऱ्या चौधरी सरांनी मुख्य चावीही माझ्याकडे दिली.

मला त्याचा फार अभिमान होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई-अण्णा दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. अण्णांना सही येते, आईला तीही येत नाही.

मागच्या वर्षी एका मुलाचं अख्खं प्रोजेक्ट दुसऱ्यानं उचलून स्वतःच्या नावावर दिलं होतं. म्हणून यंदा सर म्हणाले, "संगीता, दसऱ्याच्या सुट्टीआधी सगळं नीट बंद कर. कोणाला कोणाचं काही उघडता येता कामा नये." मी वहीतले तुकडे जोडून एक छोटा प्रोग्राम केला. तो चालवला की वर्गातल्या अकरा जणांची लॉगिनं बंद व्हायची, आणि मशीन फक्त रूटच्या पासवर्डानं उघडायचं. शेवटी तो पासवर्डही बदलायचा होता, कारण जुना निम्म्या वर्गाला माहीत होता.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. कॉलेजातल्या वर्कशॉपात पान्हे-करवती मांडतात, तशी आमच्याकडे फ्लॉप्या आणि कीबोर्ड. झेंडूचे हार खाजाभाईंनी आणले. खाजाभाई आमच्या कक्षाचे शिपाई, पण पूजेत कुठं काय कमी पडलं ते आमच्यापेक्षा त्यांनाच आधी दिसतं. "अरे, त्या तिसऱ्याला कुंकू नाही लावलं कुणी! तो काय सावत्र है का?" असं म्हणून त्यांनी बालाजीला परत पाठवलं. बालाजी माझ्या वर्गातला, चुडाव्याहून रेल्वेनं ये-जा करणारा. त्यानं ओल्या बोटानं इतकं कुंकू लावलं की ते कीबोर्डच्या फटीत गेलं.

पूजा झाली की हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. त्या दिवशी औतसुद्धा कुणी जुंपत नाही. बालाजी मला मुद्दाम म्हणाला, "संगे, आता हात लावायचा न्हाई बरं का. न्हाईतर मशीन कोपंल आन् तुलाच नापास करंल."

सगळे हसत खाली प्रसाद घ्यायला गेले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी लॉगिनं बंद केली, पण रूटचा पासवर्ड बदलायचा राहिलाच.

मी परत वर गेले. खाजाभाई कुलूप लावायच्या बेतात होते. "माझी वही राहिली," असं सांगितलं. आत गेले, तिसऱ्या टर्मिनलवरचा हार बाजूला केला, मशीन चालू केलं, नवा पासवर्ड दोनदा टाइप केला, मशीन बंद केलं, हार परत होता तसा ठेवला. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी हार परत घालताना मी दोनदा दाराकडे वळून पाहिलं, हे खरं आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पासवर्ड टाइप केला... चूक. परत केला, चूक. सर आले, बालाजी आला, एकेक करून सगळे माझ्या मागे उभे राहिले. चारही टर्मिनलांवर करून पाहिला. दुपारपर्यंत मी तो पासवर्ड इतक्या वेळा दाबला की डोळे मिटूनही बोटं त्याच कळांवर जात होती. मशीनला तो मान्य नव्हता.

चार दिवसांवर प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक येणार होते. अकरा जणांची प्रोजेक्टं आत, आणि फ्लॉपीवर प्रती काढायचं काम आम्ही दसऱ्यानंतरवर टाकलेलं. सरांनी औरंगाबादला, मशीन बसवून देणाऱ्या माणसाला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, आत्ता माणूस नाही, दिवाळीनंतर येतो. घाई असेल तर सगळं पुसून नव्यानं बसवा.

मग सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पूजेनंतर कोणी मशीनला हात लावला होता?"

मी म्हणाले, "नाही सर. पासवर्ड मी पूजेच्या आधीच बदलला होता."

का खोटं बोलले? बालाजी बघत होता म्हणून. नुसता बदललेला पासवर्ड विसरणं ही चूक झाली असती, पण पूजेनंतर हात लावला हे कळलं असतं तर अकरा घरांतून माझ्या नावानं बोटं मोडली गेली असती. कुंकू कळांत अडकलं असेल, त्यामुळे मी टाइप केलं एक आणि मशीननं घेतलं दुसरंच, ही शक्यता मला त्याच क्षणी सुचली होती. ती सांगितली असती तर सरांनी त्या वाटेनं काही शोधलं असतं. पण ती सांगायची तर पूजेनंतर बसले होते हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. तिसऱ्या टर्मिनलच्या कळा काढून खाजाभाईंनी रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्या. काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास आई आली.

ती मला न्यायला आली होती, हे तिला दारात बघताच कळलं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसं – एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून वाहायची. अण्णांचा पाय पोळ्यानंतर बैलानं तुडवला होता. तो अजून बरा झाला नव्हता. टोळीचा ट्रक दोन दिवसांनी निघणार होता आणि आईचा कोयता अर्धाच होता.

"एकाच सालाची गोष्ट हाय, संगे," आई म्हणाली. "मुकादम म्हणला, पोरगी आन न्हाईतर नाव काढतो."

"आई, एक वर्ष गेलं की परत कोण घेतं?"

"मंग मी काय करू माय? अण्णाला पाठीवर बांधून नेऊ?"

तेवढ्यात खाजाभाई सांगत आले की प्राचार्यांनी मला आणि सरांना बोलावलं आहे. मी नुकतंच पुन्हा एकदा रूट असं नाव टाइप केलं होतं, आणि तिसऱ्या टर्मिनलचा पडदा पासवर्ड विचारून थांबला होता. आई एसटीत दीड तास उभी राहून आली होती, घामेजली होती. पंख्याचा वारा त्याच खुर्चीवर येतो. मी तिला तिथं बसवलं आणि म्हणाले, "बस इथं. कशाला हात लावू नको."

"मी कशाला लावू? मला काय कळतं त्यातलं?"

प्राचार्यांचं ऑफिस खालच्या मजल्यावर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथं प्राचार्य, चौधरी सर आणि मी, असे तिघंच होतो. प्राचार्य शांतपणे बोलत होते, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. अकरा विद्यार्थ्यांचं नुकसान एकीच्या हलगर्जीपणामुळे होणार असेल, तर तिला अभ्यासक्रमात ठेवायचं कसं, असं ते विचारत होते. सर एकदा म्हणाले, "पोरगी प्रामाणिक आहे हो." ते ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं. मी तोंड उघडणार होते. खरं सांगते, शब्द ओठांवर आले होते... आणि खाजाभाई दार न वाजवता आत आले.

"सर, मशीन खुल्ली! चला, चला वर!"

आम्ही अक्षरशः पळत गेलो. आई त्याच खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसली होती. समोरच्या पडद्यावर रूटची खूण लुकलुकत होती. मशीन उघडलं होतं.

तेव्हा मी आईला काहीच विचारलं नाही. विचारायची भीती वाटली म्हणा, किंवा मशीन परत बंद पडेल याची. आधी पासवर्डांची यादी उघडली. यादीत पासवर्ड जसाच्या तसा नसतो, त्याचं एक गिचमीड रूप असतं. त्या गिचमिडीवरून मूळ शब्द काढता येत नाही, पण एखादा शब्द तोच आहे का, हे मात्र तपासता येतं. ती तेरा अक्षरं मी कागदावर उतरवून घेतली, पासवर्ड बदलला, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांच्या प्रोजेक्टच्या प्रती काढल्या. बालाजीनं फ्लॉप्यांवर नावं लिहिता लिहिता आईला म्हटलं, "मावशी, तुमीच या आता आमाला शिकवायला. सरांपेक्षा तुमाला जास्त येतंय." सगळे हसले. आईही पदर तोंडाशी धरून हसली.

मशीनच्या नोंदीत रूटनं तिसऱ्या टर्मिनलवरून प्रवेश केल्याची वेळ होती, अकरा वाजून बावीस मिनिटं. तेव्हा मी प्राचार्यांसमोर उभी होते.

सरांचं म्हणणं असं पडलं की मी जाताना पासवर्ड बरोबर टाइप करून ठेवला असेल, फक्त एंटर दाबायचं राहिलं असेल, ते आईच्या हातून दाबलं गेलं. मलाही ते पटलं. दोन दिवस पटलं. मग मी माझा पासवर्ड त्या तेरा अक्षरांशी जुळवून पाहिला. जुळला नाही.

पण त्याआधीचं सांगायला हवं, कारण आईशी बोलणं त्याच संध्याकाळी झालं. मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले होते. बोरीवरून जाणारी जिंतूरची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसून तिनं आणलेली भाकरी आणि ठेचा खात होतो. मी विचारलं, "आई, तू नेमकं काय दाबलंस?"

"तू सांगितलं तेच की."

"मी?"

"मंग कोण? गेलीस आन् लगीच माघारी आलीस. माझ्या मागं हुबी ऱ्हायलीस, खांद्यावर हात ठिवून. म्हणलीस, आई, हे दाब. मग हे. मी म्हणलं, हे? तर म्हणलीस, न्हाई, त्याच्या शेजारचं."

घास माझ्या हातातच राहिला. आई तिच्या नादात बोलत होती.

"त्याच्या आधी रडलीस की. म्हणलीस, आई, पूजा झाल्यावर मी ह्याला हात लावला, आन् सरापुढं खोटं बोलले. माझ्यानं कुणाला सांगवंना." आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझा जीव असा गलबलला बघ. लहानपणापासून चूक झाली की तू दडवायचीस. पहिल्यांदा आपल्या तोंडानं सांगितलंस."

तुम्हाला सांगते, पूजेनंतरची गोष्ट मी कुणालाही बोलले नव्हते. मैत्रिणीला नाही, वहीत नाही, कुठंच नाही.

मग आई म्हणाली, "मी त्या खुर्चीतच ठरवलं. तुला न्हाई नेत. शेवंता मावशी एकटीच हाय, तिला घेते संगं. तिची कंबर धरती, पर ओढू आमी दोघी कसंबी. ज्या पोरीला आपली चूक सांगता येती, ती शिकली तर वाया जायची न्हाई."

शेवंता मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, पन्नाशीच्या पुढची.

गाडी लागली. आईनं पिशवी उचलली, पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"संगे, तूच होतीस ना गं?"

कंडक्टर ओरडत होता, मागची माणसं ढकलत होती. नाही म्हणाले असते तर ती पायरीवरून खाली उतरली असती. आणि मग कदाचित दोघी मिळूनच बोरीला गेलो असतो, माझं सामान घेऊन.

मी म्हणाले, "हो."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली आणि चढली.

दुसऱ्या दिवशी मी चौधरी सरांना सगळं सांगितलं – पूजेनंतर मशीनला हात लावल्याचं आणि खोटं बोलल्याचं. आईचं मात्र सांगितलं नाही. सरांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "हे परवा सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." मुख्य चावी त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. परीक्षा झाली, सगळे पास झाले. आता वर्गात वाद एवढाच चालतो की पदवी हातात पडेल तेव्हा तिच्यावर विद्यापीठाचं नाव जुनं असेल की नामांतरानंतरचं.

खाजाभाईंना मी वेगळं गाठून विचारलं. आई आत होती तेव्हा ते कक्षाच्या दारातच स्टुलावर बसले होते. म्हणाले, "बेटा, तू गेल्यावर आत कोणी नाही गेलं. तुझी आई बोलत होती, ते ऐकलं मी. हे का, हे का, असं. मला वाटलं बाई आपल्याशीच बोलते, देवाचं नाव घेते." आणि मग म्हणाले, "पण एक बार ती मान वर करून मागं बघून हसली. तिथं तर भिंत होती."

मी माझ्या परीनं शोध घेतला आहे. वहीतल्याच तुकड्यांवरून एक प्रोग्राम लिहिला. तो एकामागून एक शब्द घेतो आणि त्या तेरा अक्षरांशी जुळतो का बघतो. कुंकवानं कळ अडकली असेल तर काय काय उमटलं असेल, ते सगळं घालून पाहिलं – एक अक्षर गळालेलं, एक दोनदा आलेलं, शेजारची कळ दबलेली. आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं घातली, देवांची घातली, गावांची घातली. एकही जुळलं नाही. त्या दिवशी मी मशीनला काय दिलं आणि आईनं काय दाबलं, ते मला आजही माहीत नाही. बसस्टँडवर विचारलं तेव्हाही आईला कळांची जागा आठवत नव्हती. "तू म्हणलीस तसं दाबलं," एवढंच.

शास्त्र शिकणारी मुलगी म्हणून मला याचं उत्तर देता यायला हवं. आईला उन्हानं, थकव्यानं भास झाला असेल, असं मी म्हणू शकते. पण भासाला पासवर्ड कसा माहीत? आणि मी कुणाला न सांगितलेली गोष्ट कशी माहीत? यापुढं माझी बुद्धी चालत नाही. कुणा वाचकाला सुचत असेल तर जरूर कळवा.

मात्र मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. आई आणि शेवंता मावशी सध्या कोल्हापूरकडे एका फडावर आहेत. परवा टोळीतल्या एका पोराच्या हातचं पत्र आलं – मावशीला मोळी उचलवत नाही, आई दोघींचं काम करते, पण आईनं लिहायला लावलंय की संगे, काळजी करू नको, मी लोकांना सांगत असते, माझी पोरगी खरं बोलणारी आहे.

त्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. बसस्टँडवरचं माझं ते 'हो' खोटं होतं, हे तीन वेळा लिहायला बसले. लिहिलेलं तिकडे कुणीतरी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि आई ऐकत बसणार.